हृदयविकार, रक्तदाब आणि स्ट्रोक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पेशंट, त्यांचे नातेवाईक आणि वाचक यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. पक्षाघात, लकवा, अर्धांगवायू, ब्रेन अटॅक ही सगळी एकाच आजाराची नावं. खाली बहुतेक ठिकाणी मी 'स्ट्रोक' म्हटलं आहे. तुमच्या घरात आत्ता, या क्षणी कुणाचं तोंड वाकडं झालं असेल, हात लुळा पडला असेल किंवा बोलणं अडखळत असेल, तर हे वाचत बसू नका, ॲम्ब्युलन्स बोलवा. तोवर काय करायचं ते प्रश्न १५ मध्ये आहे. आणि एक विनंती: इथलं वाचून स्वतःची कुठलीही गोळी सुरू, बंद किंवा कमी-जास्त करू नका. प्रश्न लिहून घ्या आणि तो कागद घेऊन डॉक्टरांकडे जा.

१. स्ट्रोक होतो मेंदूला. मग डॉक्टर ईसीजी आणि छातीचा टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) का काढायला सांगतात?

मेंदूत अडकलेली गुठळी पुष्कळदा तिथे तयार झालेलीच नसते. हृदयातून निघालेलं रक्त महाधमनीत येतं आणि तिथून मानेतल्या धमन्यांवाटे काही क्षणांत मेंदूत पोचतं. हृदयात गुठळी झाली असेल तर तीही याच वाटेनं वर जाते, आणि जिथे रक्तवाहिनी तिच्यापेक्षा अरुंद होते तिथे अडकते. त्यापुढच्या भागाचा रक्तपुरवठा बंद होतो. गुठळीमुळे होणाऱ्या स्ट्रोकपैकी साधारण पाचवा ते चौथा हिस्सा असा हृदयातून आलेला असतो.

स्ट्रोकचे मुख्य प्रकार दोन. रक्तवाहिनी बंद पडून होणारा, जो जास्त आढळतो, आणि रक्तवाहिनी फुटून होणारा. बीपी या दोन्ही प्रकारांना कारणीभूत ठरतं. ३२ देशांत झालेल्या 'इंटरस्ट्रोक' अभ्यासाचे निष्कर्ष २०१६ मध्ये आले. बदलता येण्याजोग्या १० कारणांमध्ये सर्वांत मोठा वाटा वाढलेल्या रक्तदाबाचा निघाला, जवळजवळ निम्मा.

२. बीपी किती झालं की स्ट्रोकचा धोका सुरू होतो?

दवाखान्यात वेगवेगळ्या दिवशी मोजून १४०/९० किंवा त्याहून जास्त येत असेल तर त्याला उच्च रक्तदाब म्हणतात. घरी मोजलेल्या बीपीसाठी ही रेषा १३५/८५ ची आहे. अमेरिकेत २०१७ पासून १३०/८० पासूनच निदान करतात.

पण या रेषा उपचार कधी सुरू करायचे ते ठरवण्यासाठी माणसांनी आखल्या आहेत. रक्तवाहिन्यांना त्या ठाऊक नसतात. २००२ मध्ये ६१ अभ्यासांतल्या सुमारे १० लाख लोकांची माहिती एकत्र करून पाहिली गेली. ४० ते ६९ या वयात, ११५/७५ च्या पुढे वरचं बीपी २० नं किंवा खालचं १० नं वाढलं की स्ट्रोकनं मृत्यू येण्याचा धोका दुपटीहून अधिक होत गेला. उलट दिशेनंही हे खरं आहे. औषधांनी वरचं बीपी १० नं खाली आणलं तर स्ट्रोकचं प्रमाण साधारण पावपट कमी होतं. म्हणून '१३८ आहे, म्हणजे अजून नॉर्मलच' असं कुणी म्हटलं की मी तो विषय तिथेच सोडून देत नाही.

३. वाढलेलं बीपी मेंदूचं नेमकं काय बिघडवतं?

मेंदूच्या तळाशी जाड धमन्या आहेत. त्यांच्यापासून केसासारख्या बारीक फांद्या थेट काटकोनात फुटतात आणि मेंदूच्या खोल भागात शिरतात. इतर अवयवांत रक्तवाहिन्या टप्प्याटप्प्यानं बारीक होत जातात, तसा दाबही उतरत जातो. इथे तो आडोसा नाही. मोठ्या धमनीतला दाब जवळजवळ तसाच्या तसा त्या बारीक फांदीवर आदळतो. वर्षानुवर्षं हे चाललं की तिची भिंत जाड होऊन आतली वाट बुजते, नाहीतर भिंत कमकुवत होऊन एक दिवस फुटते. बीपीमुळे होणारा रक्तस्राव बहुतेकदा याच खोल भागात, मेंदूच्या दांड्यात किंवा लहान मेंदूत सापडतो, तो यामुळेच.

याशिवाय बीपीमुळे मानेच्या धमन्यांत चरबीचे थर लवकर साठतात. आणि हृदयाचा स्नायू जाड होतो, त्याचा डावा वरचा कप्पा ताणला जातो, ठोके अनियमित होण्याची शक्यता वाढते (प्रश्न ८). म्हणून 'मला हृदयाचं काही नाही, नुसतं बीपी आहे' या वाक्यातलं 'नुसतं' मला पटत नाही.

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रुझवेल्ट यांचं उदाहरण वैद्यकशास्त्रात नेहमी दिलं जातं. मार्च १९४४ मध्ये त्यांचं बीपी १८६/१०८ नोंदलं गेलं. पुढे ते वाढतच राहिलं. १२ एप्रिल १९४५ ला डोक्याच्या मागच्या बाजूला भयंकर दुखतंय, एवढं बोलून ते कोसळले आणि काही तासांत मेंदूतल्या रक्तस्रावानं गेले. वय ६३. जगातल्या सर्वांत बलाढ्य माणसाच्या डॉक्टरांकडे तेव्हा बीपी उतरवणारी एकही भरवशाची गोळी नव्हती. आज ती आहे, स्वस्त आहे आणि बहुतेकांना दिवसातून एकदाच घ्यावी लागते.

४. मला डोकेदुखी नाही, चक्कर नाही, काहीच त्रास नाही. तरी रोज गोळी का घ्यायची? एकदा लागली की कायमची लागते म्हणतात.

सर्वांत जास्त वेळा येणारा प्रश्न हाच, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचाही.

वाढलेलं बीपी बहुतेकांना जाणवतच नाही. १८० असूनही माणूस जिने चढतो, हसतो, झोपतो. डोकं दुखलं तर बीपी वाढलं असेल आणि नाही दुखलं तर ठीक असेल, हा हिशेब चुकीचा आहे. बीपी कळायला ते मोजावंच लागतं.

एक प्रसंग मला विसरता येत नाही. पन्नाशीतले एक गृहस्थ उजवी बाजू गेलेल्या अवस्थेत दाखल झाले. कुठल्या गोळ्या चालू आहेत, असं मी विचारलं. त्यांच्या पत्नीनं पिशवीतून बीपीच्या गोळ्यांची पाकिटं काढून टेबलावर एकाशेजारी एक ठेवली. पहिल्यातल्या चार गोळ्या घेतलेल्या. बाकी सगळी पाकिटं जशीच्या तशी, चांदीचा कागदही न फाटलेली. "पहिल्या आठवड्यानंतर मोजलं तर नॉर्मल आलं होतं, मग म्हणाले कशाला उगीच," एवढं बोलून त्या थांबल्या. गृहस्थांना ऐकू येत होतं, समजतही होतं. बोलायला शब्द येत नव्हते.

आकडा नॉर्मल आला होता तो गोळीमुळे. ती बंद केल्यावर तो काही दिवसांत किंवा आठवड्यांत पुन्हा चढतो, आणि चढताना आवाज करत नाही. काही गोळ्या एकदम सोडल्या तर बीपी आधीपेक्षाही वर उसळतं. क्लोनिडिन आणि बीटा-ब्लॉकर गटातली औषधं त्यातली.

'कायमची लागते' याचं खरं उत्तर असं की गोळी सवय लावत नाही, आजार टिकून राहतो. वजन उतरलं, मीठ कमी झालं, चालणं वाढलं तर डॉक्टर गोळी कमी करतात, क्वचित थांबवतातही. गोळीमुळे पाय सुजत असतील किंवा कोरडा खोकला येत असेल तर तसं स्पष्ट सांगा. त्याला पर्यायी गोळ्या आहेत. मुकाट्यानं बंद करू नका, इतकंच.

५. घरी बीपी मोजलं की दर वेळी वेगळा आकडा येतो. कुठला खरा धरायचा?

सगळेच खरे असतात. बीपी दिवसभर वर-खाली होतच असतं. म्हणून एका आकड्यावर न जाता सरासरी पाहतात.

मोजण्याआधी अर्धा तास चहा, कॉफी, तंबाखू नको. लघवीला जाऊन या. पाठ टेकून, पाय जमिनीवर सपाट ठेवून पाच मिनिटं शांत बसा. पट्टा उघड्या दंडावर बांधा आणि हात टेबलावर हृदयाच्या पातळीला ठेवा. पट्टा लहान पडला तर आकडा खोटाच जास्त येतो. मोजताना बोलायचं नाही. एका मिनिटाच्या अंतरानं दोनदा मोजा, सकाळी गोळीच्या आधी आणि संध्याकाळी, असं सात दिवस. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. पहिल्यांदा दोन्ही हातांवर मोजून पाहा, आणि ज्या हातात जास्त येतं तोच पुढे वापरा.

काहींचं दवाखान्यातच वाढतं आणि घरी ठीक असतं. काहींचं उलट असतं, आणि ते जास्त धोक्याचं, कारण ते तपासणीत सापडत नाही. हृदयाचे ठोके अनियमित असतील तर यंत्र गोंधळतं. अशांनी तीनदा मोजून सरासरी घ्यावी.

६. आईचं वरचं बीपी १६५ आणि खालचं ७५. वय ८१. या वयात एवढं असायचंच ना?

वयानुसार धमन्या कडक होतात आणि वरचं बीपी वाढतं, हे बरोबर. ते निरुपद्रवी आहे, हे मात्र बरोबर नाही. १९९१ मध्ये ६० वर्षांपुढच्या, फक्त वरचं बीपी जास्त असलेल्या लोकांवर 'शेप' हा अभ्यास झाला. औषध घेणाऱ्यांत स्ट्रोक ३६ टक्क्यांनी कमी झाले. पुढे २००८ मध्ये 'हायव्हेट' या अभ्यासात ८० च्या पुढच्यांनाही फायदा दिसला.

काळजी घ्यायची ती वेगाबाबत. या वयात बीपी हळूहळू उतरवतात. उठून उभं राहिल्यावर एका आणि तीन मिनिटांनी बीपी मोजायला सांगा. वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त पडत असेल तर डोस किंवा गोळी बदलावी लागू शकते.

७. मीठ, तंबाखू, व्यायाम हे सगळं माहीत आहे. आणखी काही राहून जातं का?

हो, दुकानातून सहज आणलेल्या गोळ्या. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारखी वेदनाशामकं बीपी वाढवतात, आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळीबरोबर घेतली तर रक्तस्रावही घडवतात. नाक मोकळं करणाऱ्या सर्दीच्या काही गोळ्यांनी बीपी चढतं. मोठ्यानं घोरणं आणि झोपेत श्वास अडकणं यामुळेही बीपी आटोक्यात येत नाही, ठोकेही बिघडतात. घरच्यांनी ते डॉक्टरांच्या कानावर घालावं.

मिठाबाबत एक उपयोगी माहिती. २०२१ मध्ये चीनमधल्या ६०० खेड्यांतल्या अभ्यासात साध्या मिठाऐवजी पोटॅशियम मिसळलेलं मीठ वापरणाऱ्यांत स्ट्रोक १४ टक्क्यांनी कमी झाले. मात्र किडनीचा आजार असेल किंवा पोटॅशियम वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर हे मीठ घातक ठरू शकतं. आधी विचारा.

८. छातीत धडधड होत होती. ईसीजीत 'एट्रियल फिब्रिलेशन' आलं. हे काय आहे आणि यात स्ट्रोकची भीती का दाखवतात?

हृदयाचे वरचे कप्पे एरवी एका लयीत आकुंचन पावतात. या आजारात ते नुसते थरथरतात. रक्त पुढे ढकललं जाण्याऐवजी साचतं, आणि साचलेलं रक्त गोठतं. डाव्या वरच्या कप्प्याला अंगठ्याएवढी एक पिशवी असते. झडपेचा आजार नसलेल्यांमध्ये १० पैकी सुमारे ९ गुठळ्या या पिशवीतच सापडतात. तिथून सुटलेली गुठळी बहुधा मोठी असते, म्हणून असे स्ट्रोकही मोठे असतात. या आजारात स्ट्रोकचा धोका साधारण पाचपट होतो.

धडधड सगळ्यांना जाणवते असं नाही. पुष्कळांना पहिली खबर स्ट्रोक झाल्यावरच मिळते. म्हणून नाडी पाहायला शिका. तळहात वर करा, अंगठ्याच्या मुळाखाली मनगटावर दुसऱ्या हाताची तीन बोटं अलगद टेकवा. नेहमीची नाडी घड्याळासारखी लागते. या आजारात दोन ठोके अगदी जवळ येतात, मग मोठी पोकळी, मग एक जोरकस ठोका, मग एक जेमतेम लागणारा, आणि पुढचा कधी येईल याचा अंदाजच बांधता येत नाही. अशी नाडी लागली तर ईसीजी काढून घ्या. मनगटी घड्याळानं तसा इशारा दिला तरी निदान ईसीजीवरच होतं.

९. माझं फिब्रिलेशन कधीतरीच होतं. शॉक देऊन ठोके नीटही झाले. मग रक्त पातळ करणारी गोळी बंद करू का?

गोळी ठरते ती ठोके आज कसे आहेत यावर नाही, तर तुमच्यात धोक्याच्या किती गोष्टी आहेत यावर. डॉक्टर त्याचे गुण मोजतात. बीपी, मधुमेह, हार्ट फेल्युअर, रक्तवाहिन्यांचा आजार आणि ६५ ते ७४ वय यांना प्रत्येकी १. वय ७५ किंवा पुढे असेल तर २. पूर्वी स्ट्रोक होऊन गेला असेल तर २. पूर्वी स्त्री असण्याचाही १ गुण धरत, युरोपच्या २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी तो काढून टाकला. बेरीज २ किंवा जास्त असेल तर गोळीचा सल्ला दिला जातो, १ असेल तर चर्चा करून ठरवतात.

मधूनमधून होणाऱ्या फिब्रिलेशनमध्येही गुठळी होते. ठोके पूर्ववत करण्यासाठी ठरवून शॉक दिला असेल तर त्यानंतर किमान चार आठवडे गोळी लागतेच, कारण वरचा कप्पा सुस्तावलेला असतो आणि तेव्हाही रक्त साचतं. अब्लेशन (ठोके बिघडवणाऱ्या जागा नळीवाटे निकामी करण्याची प्रक्रिया) झालेल्यांनाही हेच गुण लागू होतात.

१०. मी रोज ॲस्पिरिन घेतो. तीही रक्त पातळच करते ना?

दोन्हींचं काम वेगळं. ॲस्पिरिन रक्तातल्या प्लेटलेट पेशी एकमेकींना चिकटू देत नाही. धमनीतल्या चरबीच्या थरावर होणाऱ्या गुठळीत प्लेटलेटचा भाग मोठा, म्हणून हार्ट अटॅकनंतर, स्टेंटनंतर ती उपयोगी पडते. साचलेल्या रक्तातली गुठळी वेगळ्या पद्धतीनं, फायब्रिन नावाच्या धाग्यांच्या जाळ्यानं बनते. तिथे वॉरफरिन ही जुनी गोळी किंवा अपिक्साबॅनसारख्या नव्या गोळ्या (प्रश्न १२) लागतात. फिब्रिलेशनमध्ये वॉरफरिननं स्ट्रोक जवळपास दोन तृतीयांशानं कमी होतात, ॲस्पिरिननं फार तर पाचव्या हिश्शानं. रक्तस्राव होतो म्हणून ॲस्पिरिन बरी, असंही नाही. २०११ च्या एका मोठ्या अभ्यासात अपिक्साबॅन आणि ॲस्पिरिन घेणाऱ्यांत मोठ्या रक्तस्रावाचं प्रमाण जवळपास सारखंच निघालं.

कुठलाही आजार नसताना 'हृदयासाठी चांगली' म्हणून स्वतःच्या मनानं ॲस्पिरिन सुरू करणं तर टाळाच.

११. बाबा ८३ वर्षांचे आहेत, वर्षात दोनदा पडले. रक्त पातळ करणारी गोळी देणं धोक्याचं नाही का?

ही भीती मला पूर्ण समजते. मुलगा म्हणून, सून म्हणून हा निर्णय अंगावर येतो. गोळी दिली आणि डोक्यात रक्तस्राव झाला तर आपण दिली म्हणून झाला, असं वाटत राहतं. गोळी दिली नाही आणि स्ट्रोक झाला तर 'वयामुळे झाला' असं म्हणून ते सुटतं. पण बाबांच्या दृष्टीनं दोन्ही सारखंच वाईट.

वाढत्या वयात स्ट्रोकचा धोका रक्तस्रावाच्या धोक्यापेक्षा बहुतेकदा जास्त वेगानं वाढतो. १९९९ मध्ये काही संशोधकांनी वॉरफरिनबाबत हिशेब मांडला. पडण्यामुळे होणारं नुकसान गोळीच्या फायद्याहून मोठं ठरायला त्या माणसाला वर्षात सुमारे २९५ वेळा पडावं लागेल, असं उत्तर आलं. नव्या गोळ्यांनी डोक्यातल्या रक्तस्रावाचं प्रमाण वॉरफरिनच्या साधारण निम्म्यावर येतं.

तेव्हा गोळी काढण्याआधी पडण्याची कारणं काढा. उभं राहिल्यावर बीपी पडतं का, नजर कमी झाली आहे का, झोपेची गोळी चालू आहे का, रात्री संडासच्या वाटेवर दिवा असतो का? आणि बीपी आटोक्यात ठेवा, कारण गोळीवर असताना वाढलेलं बीपी रक्तस्रावाला आमंत्रण देतं. मेंदूत आधी रक्तस्राव झालेल्यांचा निर्णय मात्र वेगळा आणि अवघड असतो. काहींमध्ये हृदयाच्या वरच्या कप्प्याची ती पिशवी (प्रश्न ८) उपकरणानं बंद करण्याचा पर्यायही पाहतात.

१२. वॉरफरिनसाठी सारखी आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारी) तपासणी करावी लागते. नव्या गोळ्या घेतल्या तर चालेल का?

डाबिगाट्रान, रिव्हारोक्साबॅन, अपिक्साबॅन, एडोक्साबॅन या गोळ्यांना आयएनआर लागत नाही, आणि बहुतेकांसाठी त्या योग्य आहेत. दोन ठिकाणी मात्र नाहीत. धातूची कृत्रिम झडप बसवलेल्यांना वॉरफरिनच लागते. २०१३ मध्ये अशा रुग्णांत डाबिगाट्रान वापरून पाहिली तेव्हा गुठळ्याही जास्त झाल्या आणि रक्तस्रावही, अभ्यास थांबवावा लागला.

दुसरं, संधिवाती तापानं मायट्रल झडप (हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली) अरुंद झालेले लोक. लहानपणी घसा आणि सांधे धरलेल्या मुलांत वर्षांनंतर हा आजार दिसतो. झडप अरुंद आणि त्यात फिब्रिलेशन असेल तर स्ट्रोकचा धोका १७ पटींपर्यंत गेल्याचं अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावच्या दीर्घ अभ्यासात आढळलं. २०२२ च्या 'इनव्हिक्टस' अभ्यासात अशा रुग्णांसाठी वॉरफरिनच्याच गटातली औषधं रिव्हारोक्साबॅनपेक्षा चांगली ठरली, मृत्यूही कमी झाले.

वॉरफरिन घेणाऱ्या बहुतेकांचा आयएनआर २ ते ३ मध्ये हवा (काही धातूच्या झडपांना त्याहून जास्त). हिरव्या पालेभाज्या सोडू नका, फक्त दर आठवड्याला प्रमाण सारखं ठेवा. नवीन अँटिबायोटिक सुरू झालं की आयएनआर लवकर तपासा.

१३. गोळी घ्यायची राहिली तर? आणि दात काढायचा असेल तर किती दिवस बंद करायची?

नव्या गोळ्यांबाबत सर्वसाधारण नियम असा की दोन डोसमधलं निम्मं अंतर उलटलं नसेल तर आठवल्याबरोबर घ्या. दिवसातून दोनदा असेल तर सहा तासांच्या आत, एकदा असेल तर बारा तासांच्या आत. त्यापुढे गेलं असेल तर तो डोस सोडा. दोन एकदम कधीच घेऊ नका. या गोळ्यांचा असर दिवसभरात उतरतो, त्यामुळे 'एखादा दिवस राहिली' हेही किरकोळ नाही.

एखादा दात काढायचा असेल तर पुष्कळदा गोळी बंद करावी लागतच नाही. दाताच्या आणि हृदयाच्या डॉक्टरांना एकमेकांशी बोलू द्या.

१४. हार्ट अटॅक येऊन गेला, पंपिंग ३० टक्के आहे. स्ट्रोकचा धोका किती वाढतो?

अटॅकनंतरचे पहिले काही आठवडे सर्वांत नाजूक. हृदयाच्या समोरच्या भिंतीचा मोठा अटॅक असेल तर टोकाचा भाग हलेनासा होतो आणि तिथे गुठळी धरू शकते. इकोत ती दिसली तर साधारण तीन महिने रक्त पातळ करणारी गोळी देतात आणि पुन्हा इको करतात. नुसतं पंपिंग कमी आहे, गुठळी नाही आणि ठोकेही नियमित आहेत, तर सगळ्यांना ती गोळी लागत नाही. अधूनमधून नाडी आणि ईसीजी पाहत राहणं मात्र गरजेचं.

१५. स्ट्रोकची लक्षणं दिसतायत आणि बीपी २१०/११० आहे. जिभेखाली बीपीची गोळी देऊ का?

देऊ नका. घरच्यांच्या हातून प्रेमापोटी होणारी ही सर्वांत मोठी चूक.

रक्तवाहिनी बंद झाली की तिच्याभोवतीचा मेंदूचा भाग अर्धमेला होऊन आजूबाजूच्या रक्तावर तग धरतो. शरीर बीपी वाढवतं ते बऱ्याच अंशी तिथे रक्त पोचावं म्हणून. अशा वेळी बीपी एकदम पाडलं तर तगलेला भागही मरतो. बीपी किती आणि कसं उतरवायचं ते सीटी स्कॅननंतर ठरतं. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन द्यायचं असेल तर १८५/११० च्या खाली आणतात, रक्तस्राव असेल तर वेगळं लक्ष्य ठेवतात. ॲस्पिरिनही देऊ नका, कारण आत रक्तस्राव असू शकतो. पाणीसुद्धा नको, गिळणं बिघडलेलं असेल तर ते फुप्फुसात जातं.

काय करायचं? हसायला सांगा, दोन्ही हात समोर उचलून धरायला सांगा, एक वाक्य बोलायला सांगा. अचानक तोल जाणं, एका डोळ्यानं दिसेनासं होणं हीही लक्षणं आहेत. यातलं एक जरी बिघडलं असेल तर सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात लगेच न्या. शेवटचं नीट केव्हा होते ती वेळ लिहून घ्या, कारण इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. निवडक रुग्णांत मोठी गुठळी तारेनं काढणं २४ तासांपर्यंत शक्य असतं. ओकारी होत असेल तर कुशीवर झोपवा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर शेवटचा डोस किती वाजता घेतला ते सांगा. मोठी रक्तवाहिनी बंद असताना दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात, असा हिशेब आहे.

लक्षण काहीच नाही, फक्त आकडा मोठा आला, तर शांत बसून पुन्हा मोजा, राहिलेली गोळी घ्या आणि त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला.

१६. हात दहा मिनिटं लुळा पडला आणि आपोआप ठीक झाला. आता दाखवायची गरज आहे का?

आहे, आणि आजच. याला मिनी स्ट्रोक किंवा टीआयए म्हणतात. गुठळी अडकली आणि सुटली. पुढच्या मोठ्या स्ट्रोकचा धोका पहिल्या ४८ तासांत सर्वाधिक असतो. ऑक्सफर्डच्या २००७ च्या अभ्यासात ताबडतोब तपासणी आणि उपचार सुरू केल्यावर ९० दिवसांत पुन्हा स्ट्रोक होण्याचं प्रमाण १०.३ टक्क्यांवरून २.१ टक्क्यांवर आलं. हात बरा झाला म्हणून सोमवारपर्यंत थांबू नका.

१७. स्ट्रोक होऊन गेला. आता बीपी नॉर्मल आहे. बीपीची गोळी कशासाठी?

आकडा नॉर्मल का आहे ते प्रश्न ४ मध्ये आलं आहे. त्यात एक भर. २००१ च्या 'प्रोग्रेस' अभ्यासात स्ट्रोक किंवा टीआयए झालेल्या ६,१०५ लोकांपैकी साधारण निम्म्यांना बीपीची औषधं दिली गेली, ज्यांचं बीपी जास्त नव्हतं त्यांनाही. औषध घेणाऱ्यांत पुन्हा स्ट्रोक होण्याचं प्रमाण २८ टक्क्यांनी कमी निघालं. आता बहुतेकांसाठी १३०/८० च्या खाली हे लक्ष्य धरतात.

१८. बीपी खूप कमी झाल्यानं स्ट्रोक होतो का?

मुळातच १००/६० असणाऱ्या धडधाकट माणसानं काळजी करू नये. मानेच्या धमन्या फार अरुंद असतील आणि बीपी एकाएकी कोसळलं तर दोन धमन्यांच्या सीमेवरचा मेंदूचा भाग कोरडा पडू शकतो. मोठा रक्तस्राव, जुलाब-उलट्यांनी शरीरातलं पाणी जाणं, गोळ्यांचा डोस एकदम वाढणं अशा वेळी हे घडतं. उभं राहिल्यावर दर वेळी हात बधिर होतो किंवा नजरेसमोर पडदा येतो, असं असेल तर मानेच्या धमन्यांचा डॉपलर (रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) करायचा का, हे विचारा.

१९. वय ३४, बीपी नाही, मधुमेह नाही, तरी स्ट्रोक झाला. इकोत हृदयात छिद्र आढळलं. तेच कारण का?

असेलच असं नाही. गर्भात असताना सगळ्यांच्याच हृदयात वरच्या दोन कप्प्यांमध्ये एक झडपेसारखी फट असते. दर चार माणसांत एकाची ती पूर्ण बुजत नाही आणि त्याला कधी काही होत नाही. पायातली गुठळी या फटीतून डाव्या बाजूला गेली तर मात्र मेंदूकडे जाऊ शकते. १८ ते ६० वयात, बाकी सगळी कारणं तपासून नाही ठरली आणि फट गुठळी जाऊ शकेल अशा स्वरूपाची असली, तर ती बंद केल्यानं पुढचे स्ट्रोक कमी होतात. २०१७ मध्ये आलेल्या तीन अभ्यासांनी हे दाखवलं.

वय जास्त असेल आणि कारण सापडत नसेल तर लपलेलं फिब्रिलेशन शोधावं लागतं. एका ईसीजीत ते सापडेलच असं नाही. २०१४ च्या एका अभ्यासात अशा रुग्णांच्या छातीत त्वचेखाली छोटा रेकॉर्डर बसवला, तेव्हा तीन वर्षांत सुमारे ३० टक्के लोकांत ते सापडलं. नेहमीच्या तपासण्यांत ३ टक्क्यांतच.

स्ट्रोकबरोबर बरेच दिवसांचा ताप असेल आणि झडपेचा जुना आजार असेल तर झडपेला जंतुसंसर्ग झाला असू शकतो. तिथे गुठळी विरघळवणारं इंजेक्शन घातक ठरतं. तापाची गोष्ट आपत्कालीन विभागात आठवणीनं सांगा.

२०. गरोदरपणात बीपी वाढलं होतं. बाळंतपण झालं, आता धोका टळला ना?

लगेच टळत नाही. बाळंतपणानंतर तीन ते सहा दिवसांत बीपी पुन्हा चढतं, आणि तोवर आई बहुधा घरी आलेली असते. गरोदरपणाशी जोडलेले बरेच स्ट्रोक बाळंतपणानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत होतात. सहा आठवड्यांपर्यंत सावध राहावं लागतं. न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे चमकणं, बरगडीखाली उजवीकडे दुखणं, धाप लागणं किंवा बीपी १६०/११० हे दिसलं तर त्याच वेळी रुग्णालय गाठा. 'जागरणानं दुखत असेल' असं म्हणून पडून राहू नका. बीपीच्या अनेक गोळ्या अंगावर पाजतानाही चालतात, त्यामुळे बाळासाठी म्हणून गोळी टाळायचं कारण नाही.

पुढच्या आयुष्यातही अशा स्त्रियांना स्ट्रोकचा धोका जवळपास दुप्पट राहतो. वर्षातून एकदा तरी बीपी मोजा, आणि इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या सुरू करण्याआधी हा इतिहास डॉक्टरांना सांगा. बाळाच्या लसीकरणाला जाल तेव्हा तिथेच आईचंही बीपी मोजून घ्या.